चिरंजीवांस पोहण्याची अत्यंत आवड

मला पोहता येत नाही आणि मला पोहे आवडत नाहीत. या दोन्ही गोष्टी माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळल्या नाहीत.

(पोहे आवडत नाहीत असं इंदुरात राहून उघड बोलायची सोय नाही. लोक आधी तब्येत विचारतात, मग गाव विचारतात. म्हणून मी कधी बोललो नाही.)

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, होळकर सरकारच्या दफ्तरात कारकून होते. सगळा कारभार मोडीत. हात न उचलता पळत लिहायची ती मोडी. तिथं ऱ्हस्वदीर्घ नाही, शब्द संपला कुठं आणि दुसरा लागला कुठं हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. अण्णांना मात्र कुणाचीही मोडी घडाघडा वाचता यायची. छत्रीबागेतली निम्मी वस्ती घराचे जुने कागद घेऊन आमच्या ओट्यावर बसलेली असायची. मग संस्थान गेलं, मध्यभारत झाला, कचेरीत नागरीतले हिंदी हुकूम यायला लागले आणि अण्णांना कुणी विचारेनासं झालं. दोन वर्षांत त्यांच्याकडे एक माणूस कागद घेऊन आला, तोही पत्ता चुकून. अण्णा बोलून दाखवत नसत, पण रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसत आणि चष्मा पुसत. मला फार वाईट वाटायचं.

अशात देवासहून पत्र आलं. मोडीत!

पत्र होतं नानासाहेबांचं. तेही देवास संस्थानातले जुने कारकून, आणि त्यांची मुलगी कुसुम लग्नाची होती. कुसुमला मी आधी एकदा पाहिलं होतं, देवासलाच, एका लग्नाच्या पंगतीत. ती वाढत होती. माझ्या पानात मीठ वाढायचं विसरून पुढं गेली, आठ पानं पुढं गेल्यावर थांबली, परत आली आणि म्हणाली, "मीठ राहिलं तुमचं." बस, एवढंच. पण त्यानंतर मी आईच्या इतकं मागं लागलो की शेवटी अण्णांनी नानासाहेबांना विचारणा केली. त्याचंच हे उत्तर. हे जमलं नाही तर मी लग्नच करणार नाही, असं मी आईला सांगून टाकलं होतं.

अण्णांनी हातपाय धुतले, चष्मा दोनदा पुसला आणि ओट्यावर येऊन पत्र मोठ्यांदा वाचलं, म्हणजे शेजाऱ्यांनाही ऐकू जावं.

"'कन्येस पोहणे उत्तम येते. चिरंजीवांस पोहण्याची आवड आहे किंवा कसे, ते कळवावे.'"

आई म्हणाली, मुलीला पोहता येतं असं कुणी स्थळाच्या पत्रात लिहितं होय? अण्णा म्हणाले, देवासची माणसं सुधारलेली आहेत. आई म्हणाली, पुन्हा एकदा नीट बघा. झालं. अण्णा तिच्याकडे असे काही बघायला लागले की तिनं गुपचूप आत जाऊन कणीक मळायला घेतली. त्या ओट्यावर अण्णांचं वाचन चुकलं असं याआधी कुणी म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, "अण्णा, मला पोहता येत नाही."

"दोन आठवड्यांनी बोलावू, तोवर येईल," अण्णा म्हणाले आणि बोरू घेऊन उत्तर लिहायला बसले. तेही मोडीतच. "'चिरंजीवांस पोहण्याची अत्यंत आवड. एका वेळी दोन फेऱ्या सहज होतात. तरी समक्ष पाहावे. बिलावलीच्या तलावावर होडीत बसून तेथेच भोजन करू.'" मुलगी पाहायची, मुलगा दाखवायचा आणि जेवण, तिन्ही एकाच होडीत. असा कार्यक्रम छत्रीबागेत आधी कुणी केला नव्हता आणि नंतर कुणी धजला नाही.

मग मला बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, एका वस्तादाच्या हवाली करण्यात आलं. नवशिक्याच्या पाठीला वनस्पती तुपाचा रिकामा डबा, झाळून बंद केलेला, बांधायची पद्धत होती. डबा तरंगतो, त्याच्याबरोबर माणूस. दोन आठवड्यांत मी डब्यासकट बावडीची एक फेरी मारायला लागलो. डबा सोडला की सरळ तळाशी. वस्ताद म्हणाले, "भिया, तुमको नी, डब्बे को तैरना आ गया." हे मी अण्णांना जसंच्या तसं सांगितलं.

अण्णांनी थोडा विचार केला. म्हणाले, "डब्यासकटच पोह. डबा भरलेला आहे असं सांगू. पट्टीचे पोहणारे वजन बांधून पोहतात."

अण्णांची अक्कल कधी कधी अशी चालायची.

ठरल्या दिवशी टांग्यानं बिलावलीला गेलो. देवासची मंडळी आधीच काठावर हजर होती. नानासाहेब, त्यांच्या पत्नी, आणि मागं जांभळ्या लुगड्यात कुसुम. तिनं एकदाच वर पाहिलं आणि मी दोन पावलं मागं सरलो. (थोडं तिच्यामुळं, थोडं पाण्यामुळं.) होडी बाबूलाल नावाच्या शिंगाडे लावणाऱ्याची होती, लांबट आणि जरा जास्तच डुलणारी. आम्ही सहाजण आणि तो सातवा. त्यानं आम्हाला वजन बघून बसवलं, सामान इकडचं तिकडं केलं, आईचे जेवणाचे पितळी डबे मध्ये घेतले, बाकीचं मागं गोणपाटाखाली सारलं आणि बजावलं, "अब कोई हिलना मत."

न हिलता बोलणी सुरू झाली. ती मला अजून शब्दन् शब्द आठवतात, कारण त्यातला प्रत्येक शब्द मला पाण्याच्या जवळ नेत होता.

नानासाहेब म्हणाले, "पत्र वाचून फार बरं वाटलं. चिरंजीवांना ही आवड कधीपासून?"

"लहानपणापासून," अण्णा म्हणाले. "रोज सकाळी पाहिजे म्हणजे पाहिजेच. त्याशिवाय कचेरीत जात नाही."

"आणि दोन फेऱ्या?"

"दोन तर सहज. तिसरीला आम्हीच अडवतो. छाती भरून येते."

कुसुमची आई कौतुकानं म्हणाली की आम्ही त्या तयारीनंच आलोय. अण्णांनी तिच्या नऊवारीकडे पाहिलं आणि घाईनं नजर दुसरीकडे वळवली. नानासाहेबांनी विचारलं, आधी जेवण की आधी ते? अण्णा म्हणाले, आधी ते; जेवल्यावर करू नये, पोटाला बाधतं. नानासाहेबांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही, पण मुलीकडची बाजू, त्यांनी मान डोलावली.

"बाळ, ऊठ," अण्णा म्हणाले.

मी उठलो. सदरा काढला, धोतराचा काचा मारला. नानासाहेब हळूच बायकोला म्हणाले, "बघ, सोवळं पाळतात हो अजून." मला ते ऐकू आलं, अर्थ लागला नाही. तेव्हा माझं लक्ष पाण्याकडं होतं. ते काळं होतं, आणि बावडीपेक्षा बरंच जास्त होतं.

अण्णांनी मागं हात घालून गोणपाटाखालचा डबा ओढला आणि माझ्या पाठीला दोरीनं करकचून बांधला. मी म्हटलं, "अण्णा, डबा जड लागतोय."

"मन जड झालंय तुझं," अण्णा कानात म्हणाले. मग मंडळींकडं वळून मोठ्यांदा, "हा वजन बांधूनच पोहतो. नुसतं पोहणं त्याला सोपं जातं."

"पोहतो?" नानासाहेब म्हणाले.

मी कुसुमकडं पाहिलं. ती डोळे मोठे करून माझ्या पाठीकडं बघत होती. मला वाटलं, कौतुक. डोळे मिटले आणि उडी मारली.

खाली गेल्यावर मला काळजी वाटली नाही. बावडीतही आधी खालीच जायचो, मग डबा वर आणायचा. मी वाट पाहिली. डबा काही वर निघेना, उलट तोच मला खाली ओढत होता. म्हटलं, दोरी सैल झाली असणार. म्हणून हात मागं टाकून डबा ओढून पुढं घेतला आणि छातीशी घट्ट कवटाळला. माझा सगळा भरवसा त्या डब्यावर होता, अण्णांवरही तेवढा नव्हता. एकदा कसंबसं डोकं वर आलं तेव्हा बाबूलाल बांबू पुढं करून ओरडत होता, "भिया, डब्बा छोड़ो! पेले डब्बा छोड़ो!" पण बुडणाऱ्या माणसाला डबा सोडा म्हणणारा माणूस शत्रूच वाटतो. मी डबा आणखी आवळला. त्यासरशी त्याचं झाकण उडालं.

झाकण? माझ्या डब्याला झाकण नव्हतंच. माझा डबा झाळलेला होता.

बाबूलालनं मला बांबूनं काचा धरून वर ओढलं आणि शिंगाड्याच्या वेलींसकट होडीत घातलं. मी पोटातलं पाणी काढून बाहेर पाहिलं, तर तलावावर चहूकडे पिवळं पिवळं काहीतरी पसरलेलं. मध्ये कोथिंबीर. शेंगदाणे. खोबरं. मासे वर यायला लागले होते.

"पोहे," कुसुमची आई म्हणाली. "आमचे पोहे."

बाबूलालनं सामान हलवताना दोन सारखे तुपाचे डबे एकाच गोणपाटाखाली ठेवले होते. आमचा रिकामा डबा गोणपाटाच्या दुसऱ्या टोकाला सुखरूप होता. माझ्या छातीशी होता तो देवासचा, दोन फेऱ्यांच्या बेतानं गच्च भरलेला.

"पण पोहे कशाला आणलेत?" अण्णांनी विचारलं.

"अहो, तुमच्याच पत्रात होतं! चिरंजीवांस पोह्यांची अत्यंत आवड. दोन फेऱ्या सहज. आणि मी तरी काय लिहिलं होतं? कन्येस पोहे उत्तम येतात."

अण्णांनी कोटाच्या आतल्या खिशातून नानासाहेबांचं पत्र काढलं. (ते पंधरा दिवस त्यांच्या खिशातच होतं. येताजाता लोकांना दाखवायचे.) चष्मा पुसला, पत्र डोळ्यांजवळ धरलं, दूर धरलं, उन्हात धरलं. मला एकदम कळलं की आता माझं लग्न मोडतंय आणि अण्णांची मोडीही. त्यातलं जास्त वाईट कशाचं वाटत होतं ते आजही सांगता यायचं नाही.

"'पोहणे'च आहे," अण्णा म्हणाले.

"अहो, मी लिहिलंय ते!"

"लिहिलं तुम्ही असेल. वाचायचं काम माझं."

नानासाहेबांनी अण्णांकडं पाहिलं. त्यांच्याही ओट्यावर हल्ली कुणी येत नसणार. त्यांनी पत्र हातात घेतलं, वाचल्यासारखं केलं आणि सावकाश म्हणाले, "हो. माझा हात घाईत गेला असेल. 'पोहणे'ही लागतं." मग माझ्याकडं वळले. "म्हणजे चिरंजीवांना दोन्हींची आवड आहे तर. आणि तुम्ही म्हणालात ते खरं हो, वजन बांधूनच उतरले. भरला डबा पाठीला असताना कोण तरंगेल?"

त्यांच्या पत्नी डोळे पुसत होत्या. आपले पोहे वाचवायला या मुलानं जीव धोक्यात घातला, बाबूलाल ओरडत होता तरी डबा सोडला नाही, असा त्यांचा समज झाला होता. मी तोंड उघडलं. तोंडातून पाणी आलं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "तो तसाच आहे."

लग्न तिथंच ठरलं. आईनं पितळी डबे उघडले, कुसुमनं होडीतच सगळ्यांना वाढलं, मी ओल्या काच्यानं कुडकुडत जेवलो. वाढून झाल्यावर ती माझ्यापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "मीठ राहिलं तुमचं." पोटात तलावाचं निम्मं पाणी असूनही मला इतका आनंद झाला की त्या भरात तिनं वाढलेलं तिसरं वांगंही खाल्लं.

पुढं एकदा मी तिला विचारलं, तुला तर दिसलं होतं ना, तुमचा डबा बांधतायत म्हणून? म्हणाली, "दिसलं की. म्हटलं, तुमच्याकडे पद्धत असेल."

या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. अण्णा गेले, नानासाहेब गेले. माझ्यापुढं मात्र रोज सकाळी पोह्यांची ताटली येते. मीठ हटकून कमी, पोहे कधी कोरडे, कधी लगदा. मला ते गिळवत नाहीत, पण ज्या डब्यावर संसार उभा आहे त्याला नावं ठेवणार कोण?

परवा मात्र ठरवलं, या वयात कसली आलीय भीती, सांगून टाकायचं. ताटली समोर आली. म्हटलं, "कुसुम, एक बोलायचं होतं. पोह्यांबद्दल."

ती एकदम खाली बसली. म्हणाली, "कळलं ना तुम्हाला? मला पोहे येत नाहीत. कधीच आले नाहीत. डब्यातले आईनं केलेले होते. बाबांनी पत्रात ठोकून दिलं, मग मी काय करणार होते?"

मी थक्क. म्हटलं, "मग चाळीस वर्षं रोज कशाला करत बसलीस?"

"अहो, तुम्ही पोह्यांसाठी जीव द्यायला निघाला होतात," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "त्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

मी तिच्याकडं पाहिलं. ताटलीकडं पाहिलं. दीर्घ श्वास घेतला, डोळे मिटले आणि ताटली रिकामी केली.

"आणखी घालू?" तिनं विचारलं.

मी ताटली पुढं केली. दोन फेऱ्या सहज होतात, असं अण्णांनी लिहूनच दिलं होतं.