भातकुलीची कांता, मंगळवार

माउसवर उजवा तळहात पालथा ठेवून ती मान तिरकी करायची आणि म्हणायची, "असू दे ना. खायाले मांगते का ते?"

टेबलावरचं तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर काढायला गेलं तरी हेच. कान तुटलेला कप फेकायला गेलं तरी हेच. बंद पडलेला स्टेपलर, वाळलेली पेनं, कुठल्यातरी बियाणे कंपनीची दहा टोप्यांची चळत. काहीच खायाला मागत नसे, म्हणून काहीच जात नसे. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल. असेल तर तुमची मला दया येते. व्यक्तिचित्र लिहिताना माणसाचं चांगलं तेवढं लिहायची रीत आहे, पण मला ती बाई आवडत नव्हती, आणि तिला मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची फसवणूक व्हायला नको.

शेतकऱ्यांना फोनवर माहिती देणारं आमचं एक छोटं केंद्र अकोल्यात होतं. दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक फोन. वऱ्हाडातल्या शेतीच्या त्या वाईट वर्षांत अशी केंद्रं बरीच निघाली आणि बरीच मिटली. मी अमरावतीहून रोज अपडाऊन करायचो. ती जुन्या शहरातून, मोर्णा नदीचा पूल ओलांडून पायी यायची. पन्नाशी ओलांडलेली, काळ्या दोरीचा चष्मा, हातात स्टीलचा डबा. सगळे तिला आपा म्हणत, म्हणून मीही आपा म्हणायचो. नाव सांगत नाही.

पहिल्याच दिवशी मी शुद्ध मराठीत माझी ओळख करून दिली. मी पुण्यात दोन वर्षं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि ते लोकांना कळावं अशी माझी इच्छा होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अमरावतीचाच ना तू? मंग असा काहून बोलून राहिला?" तेव्हापासून ती मला इंजिनियर म्हणू लागली. फोनवरच्या माणसालाही सांगायची, "थांबा, आमच्या इंजिनियरले इचारते, त्याले पऱ्हाटी कोणती अन् तूर कोणती ते बी समजत नाही, पण इचारते." पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, एवढं मला समजत होतं. पण सांगणार कुणाला?

तिचं फोनवर बोलणं तर ऐकवत नसे. समोरचा गरीब माणूस बिचारा दबकत विचारतोय आणि ही त्याच्यावर वसकन ओरडतेय. "फवारलं का नाही? झूट नोको बोलू. पान कसं दिसते ते सांग. पिवळं का लाल? जाय, पाहून ये, मी धरून ठेवते फोन." आणि ती खरंच धरून ठेवायची. बाकी सगळ्यांचे फोन त्या वेळात बंद.

त्याहून मला चीड यायची ती तिच्या जेवणाच्या चौकशीची. काही ठरावीक लोकांना ती स्वतःहून फोन लावायची आणि शेतीचं एक वाक्य झालं की विचारायची, "जेवली का तू? काय जेवली? नुसतं जेवली नोको सांगू. भाजी कोणती होती ते सांग." केंद्राच्या फोनवर भाज्यांची चर्चा. मी एकदा टोमणा मारला तर म्हणाली, "जेवलो म्हणायले अक्कल लागत नाही. भाजीचं नाव सांगाले जेवा लागते."

आता मुद्द्यावर येतो. चांगला कॉम्प्युटर तिच्याकडे होता आणि त्यात बुकमार्कचा उकिरडा साचला होता. एखादं पान पुन्हा उघडायला सोपं जावं म्हणून आपण ब्राउझरमध्ये खूण करून ठेवतो, ते बुकमार्क. तुमचे-माझे पन्नास असतील. तिचे अडीच हजारांच्या वर होते. यादी उघडली की मशीन धापा टाकायचं. कापसावरच्या किडीचं एकच पान तिनं साठ-सत्तर वेळा साठवलं होतं. हवामानाचं पान त्याहून जास्त वेळा. सरकारी पानांचे पत्ते दर वर्षी बदलत, त्यामुळे निम्म्या खुणा मेलेल्या. उघडल्या की पान सापडत नाही म्हणून पाटी येई. "हे काढू का?" विचारलं की माउसवर पंजा. "असू दे ना. खायाले मांगते का ते?"

मुंबईहून पाहुणे येणार होते. आमच्या साहेबांनी सांगितलं, मशीन जरा साफसूफ करून ठेवा. आपा ईदसाठी तीन दिवस सुट्टीवर होती. मी या कामाची किती वाट पाहत होतो ते मलाच तेव्हा कळलं. फुकट मिळणारा एक प्रोग्राम उतरवून घेतला, तिच्या खुर्चीवर तिच्याच उशीवर बसलो आणि सुरू केला.

प्रोग्राम मोठा शिस्तीचा होता. एकेका पत्त्यावर जाऊन कडी वाजवून यायचा आणि उत्तर आलं नाही की लाल फुली मारायचा. मग एकाच पानाच्या सगळ्या खुणा एका घोळक्यात गोळा करायचा आणि सगळ्यांत जुनी एक राखून बाकीच्यांना फुली. मी पट्टीवर आकडा वाढताना पाहत चहा घेतला. शेवटी त्यानं दोन प्रश्न विचारले. आधीच्या यादीची प्रत ठेवायची का? मी नाही म्हटलं. सगळं काढून टाकायचं, नक्की? मी हो म्हटलं. अडीच हजारांचे चारशे झाले आणि यादी फटकन उघडू लागली.

सुट्टीवरून आल्यावर तिनं डबा खाली ठेवला, चष्मा पुसला आणि यादी उघडली. बराच वेळ ती वर-खाली करत राहिली. मग मला विचारलं, "कांता कुठं हाय?"

तेव्हा तिनं सांगितलं आणि ते साहेबांनीही ऐकलं. पान साठवताना त्याचं आपोआप येणारं नाव ती खोडायची आणि तिथे फोन करणाऱ्याचं नाव लिहायची. नाव, गाव, फोन नंबर आणि पुन्हा फोन करायचा तो वार. म्हणून कापसाच्या किडीचं पान सत्तर वेळा होतं, कारण विचारणारे सत्तर होते. म्हणून मेलेल्या पानाची खूणही ती ठेवायची. पान गेलं तरी माणूस होता ना. वहीत का नाही लिहिलं, असं साहेबांनी विचारलं. "वहीत शोधाले वेळ जाते. अठी नाव टाकलं का नंबर बी येते अन् त्याले काय सांगितलं होतं ते पान बी." आमच्या जुन्या फोनवर कुणाचा नंबर दिसायची सोय नव्हती.

आणि कांता? ती भातकुली तालुक्यातल्या एका गावची. नवरा कामाला म्हणून परमुलखात गेला तो परत आला नाही. खारपाणपट्ट्यातली, खाऱ्या पाण्याची चार एकर ती एकटी करायची. पहिल्यांदा तिनं पिवळ्या पानांचं विचारलं आणि मग फवारायच्या औषधाबद्दल असा एक प्रश्न विचारला, जो पिकासाठी कुणी विचारत नाही. तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी बाराला आपा तिला फोन करायची. फोन गावातल्या किराणा दुकानाचा. मंगळवारी गाव बाजाराला गेलेलं असे, दुकान रिकामं असे आणि कांता तिथे येऊन बसायची. भाज्यांची चर्चा मुख्यतः तिच्याशीच चालायची.

"गाव कोणतं?" साहेबांनी विचारलं.

"मशीनमंधी होतं," आपा म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिनं शांतपणे विचारलं, "तुले नावं नाही दिसले का रे?"

"नाही," मी म्हटलं. "प्रोग्राम फक्त पत्ते दाखवतो."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली.

नावं मला दिसली होती. पत्त्याच्या शेजारीच एक रकाना होता. "कांता भातकुली मंगळवार" एवढं रोमन अक्षरांत मी स्वतः वाचलं होतं आणि पुढचं गाव, नंबर न वाचताच हसलो होतो. बाईला साधं पानाचं नावसुद्धा ठेवता येत नाही, म्हणून. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतरचे महिने ती उरलेल्या नावांवर तुटून पडली. सत्तरांतला एकच माणूस शिल्लक होता, बाळापूरकडचा, ठणठणीत. सगळ्यांच्या वाटणीचे फोन त्याला जाऊ लागले. एक दिवस तो कळवळून म्हणाला, "आपा, माही पऱ्हाटी चांगली हाय हो, मी बी चांगला हाय, कितीदा इचारसान?" साहेब पोट धरून हसले. ती हसली नाही. जुन्या माणसाचा फोन आला की ती नाव, नंबर पुन्हा लिहून घ्यायची, मोठ्यांदा, मला ऐकू जाईल असं. मंगळवारी बाराला मात्र फोनवर हात ठेवून नुसती बसायची.

एका रविवारी ती मला अमरावतीच्या एसटी स्टँडवर दिसली. भातकुलीच्या गाडीला रांगेत उभी होती, हातात तोच डबा. मी पेपरच्या स्टॉलमागे सरकलो. पुढच्या रविवारी स्टँडवर मला काही काम नव्हतं, तरी गेलो, तर पुन्हा ती. गावोगाव किराणा दुकानात विचारत फिरते, असं त्या गाडीच्या कंडक्टरकडून कळलं. वऱ्हाडात कांता नावाच्या बायका काय कमी आहेत? मी काही बोललो नाही आणि तीही ऑफिसात काही बोलली नाही. मला वाटायचं, हिनं एकदा शिव्या घालाव्यात आणि मोकळं करावं. ती फक्त इंजिनियर म्हणायची बंद झाली.

दिवाळीनंतर तिनं काम सोडलं. पायांवर सूज होती. जाताना कप, स्टेपलर, टोप्या सगळं टेबलावरच सोडून गेली. मी ते काढलं नाही. काढायला कुणाची हरकत नव्हती.

संक्रांत झाल्यावर एका मंगळवारी दुपारी फोन वाजला. बाईचा आवाज, खोल गेलेला. "आपा हाये काय तठी? मी कांता बोलून राहिली." भातकुलीच्या बाजारात एका भिंतीवर आमचा नंबर रंगवलेला होता. तो तिनं दुकानदाराला लिहून आणायला लावला होता. आपानं काम सोडलं, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग तिले सांगजा, मी आहो म्हणा."

मी नंबर लिहून घेतला आणि त्याच दुपारी पूल ओलांडून जुन्या शहरात गेलो. गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. खाली तिच्या भावाचं शिलाईचं दुकान. मशीन बंद होतं. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं मला बसायला स्टूल दिलं.

"आपा गेली," तो म्हणाला. "आज आठ दिवस झाले."

मी हातातली चिठ्ठी खिशात घातली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणायची का.

"हो, म्हणे ना. त्या पोराले नावं दिसले होते म्हणे. झूट बोलला, डोळे खाली टाकले त्यानं." त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी म्हटलं, मंग तोंडावर सांग ना त्याच्या. त म्हणे, असू दे, खायाले मांगते का ते?"

मला त्या क्षणी तिचा जितका राग आला तितका ती समोर असतानाही कधी आला नव्हता. कळलं होतं तर बोलायचं ना! भांडायचं, साहेबांकडे जायचं. ते न करता माझं खोटंही तिनं त्या फुटक्या कपाशेजारी तसंच ठेवून दिलं होतं. मी चहा न घेताच उठलो.

पुढच्या मंगळवारी बाराला मी किराणा दुकानात फोन लावला. कांतानं घेतला. आपा गेल्याचं सांगितलं.

"राग होता का तिले माह्यावर?" तिनं विचारलं. "फोन बंद केला तिनं."

"नाही, नाही. तुमचा नंबर मशीनमधून पुसल्या गेला होता," मी म्हटलं. मग म्हटलं, "मी पुसला. नाव दिसत होतं, तरी पुसला."

"काहून?"

खूप कारणं होती. पाहुणे येणार होते, मशीन मंद झालं होतं, साहेबांनी सांगितलं होतं. "मले आवडत नव्हती ती," मी म्हटलं.

"मले आवडे," कांता म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

त्याच्या पुढच्या मंगळवारी मी पुन्हा लावला. दुकानदारानं उचलला. कांता आली आहे, बाकड्यावर बसली आहे, पण तुमच्याशी बोलायचं नाही म्हणते, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, नको बोलू दे. फक्त आज भाजी कोणती होती तेवढं विचारा. तिकडे कुजबुज झाली. मी फोन धरून ठेवला.

"सोले-वांगे, म्हणते," दुकानदार म्हणाला.