लॅपटॉपातली पाल

आई हल्ली विसरायला लागली होती. चहा घेतला की नाही हे तर विसरायचीच, पण जन्मभर तिखटमीठ लावून सांगितलेले सासरचे किस्सेही निसटू लागले होते. म्हणून मी ठरवलं, उरलंय ते तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचं. त्यासाठी मांडवीतल्या एका गुजराती दुकानदाराकडून कोरा करकरीत लॅपटॉप आणला. मुलगी म्हणाली, "फोनवर कर ना." पण मग नवी वस्तू मिरवायची कधी?

आई लॅपटॉपसमोर अशी बसायची, जणू शाळा तपासायला साहेब आलेत. "आमचे दिवस फार चांगले होते. सगळी माणसं देवासारखी." रोज हेच. इतका गोडवा मला सोसवत नाही.

मग एका दुपारी ती सहज बोलून गेली, "तुझी आत्या तशी हावरटच." आणि आवाज आला, टिक् टिक्.

"पाल चुकचुकली!" आईनं टेबलावर बोट आपटलं. "कृष्ण कृष्ण. बघ, खरं तेच बोलले मी."

बोलताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं, हे आईच्या लेखी कोर्टाच्या निकालापेक्षा पक्कं. तिला जोर चढला. काकांचा कंजूषपणा: टिक्. बाबांचा घाबरटपणा: टिक् टिक्. मला पालीची भयंकर किळस. झाडू घेऊन कपाटामागे, ट्यूबलाइटमागे, सगळीकडे शोधली.

"राहू दे गं तिला," आई म्हणाली. "घरात एक तरी माझ्या बाजूनं बोलतंय."

मला ते लागलं, पण झाडू ठेवून दिला. आणि शेवटी जिलब्यांची गोष्ट आली. "माझ्या लग्नात तुझ्या आत्यानं जिलब्यांची अख्खी परात पलंगाखाली लपवली..." टिक् टिक् टिक् टिक्, आणि लॅपटॉपचा पडदा गोठला. मी कान लावला. पाल आतच होती.

दुकानदाराला मी गुजरातीत सांगितलं, "आमां गरोळी बोले छे." गरोळी म्हणजे पाल. त्यानं आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नंतर कान लावून म्हणाला, "बेन, गरोळी नथी. हार्ड डिस्क जाय छे."

"अहो, पण नवा आहे ना!" रागाच्या भरात मी मराठीवर आले.

"वॉरंटीमां बदली आपीशुं." डिस्क बदलून मिळणार होती.

"अने अंदरनुं?" आतल्या रेकॉर्डिंगचं काय, ते मी विचारलं.

"डिस्क अमारी, बेन. अंदरनुं तमारुं."

ती डिस्क त्याच्याच डोक्यात घालावी असं वाटलं. पण त्यानं खटपट केली, हे कबूल करायला हवं. निघतील तेवढ्या फायली काढून दिल्या. घरी येऊन ऐकल्या. 'सगळी माणसं देवासारखी' शब्दन् शब्द शाबूत होतं. पालीच्या साक्षीनं सांगितलेलं काहीच नव्हतं. मला रडू आलं.

नवी डिस्क अगदी मुकी. आई दोन दिवस तिच्यासमोर नुसती बसून राहिली.

"आई, ते जिलब्यांचं सांग ना."

"कसल्या जिलब्या?"

"अगं, तुझ्या लग्नात आत्यानं लपवलेल्या."

"छे! उगाच कुणाबद्दल काहीतरी बोलू नये. देवमाणसं होती सगळी."

मी ओढणी सारखी करायच्या निमित्तानं मान फिरवली, जीभ टाळ्याला लावली आणि आवाज काढला. टिक् टिक्.

आई थबकली. तिचं बोट आपसूक टेबलावर आपटलं. "कृष्ण कृष्ण." मग चेहरा हळूहळू उजळला. "अगोबाई, खरंच की! पलंगाखाली लपवल्या होत्या मेलीनं. चांगल्या दोन पराती!"

आधी एकच होती. मी त्यालाही चुकचुकले.