भाताविरुद्ध बोललेली मुलगी

आमगावच्या ज्युनिअर कॉलेजात मी शिकवते. यंदा वर्गातल्या वादविवादाचा विषय होता, ‘वजन उतरवायला भात-पोळी कमी करावी का?’ धानाची शेती असलेल्या घरातल्या एका मुलीला चिठ्ठीत ‘करावी’ ही बाजू आली.

पुराव्यासाठी तिनं मला मोबाइलवरचा एक व्हिडिओ दाखवला. मी एवढंच विचारलं, “हा माणूस काय विकून राहिला?” तिनं व्हिडिओच्या खाली पाहिलं. तिथं त्याच्याच वजन उतरवायच्या पावडरची जाहिरात होती.

आठवड्यानं ती सरकारी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना भेटून आली. त्यांनी दिलेला इंग्रजी शोधनिबंध तिनं डिक्शनरी घेऊन वाचला होता. किती लोकांवर तपासलं, खर्च कोणी केला, सगळं तिनं त्याच्या समासात लिहिलं होतं.

वादाच्या दिवशी समोरचा मुलगा म्हणाला, “तुझ्या घरी त धानच पिकते. तू काऊन असं बोलून राहिली?”

“धान माझ्या बाबाचं आहे, पुरावा कोणाच्या बाबाचा नसते,” ती म्हणाली. मग स्वतःहूनच सांगितलं, “वजन उतरते, पण हे काही महिन्यांपुरतंच तपासलं आहे. पुढचं मला सापडलं नाही.”

शेवटी मत घेतलं तेव्हा वर्गाचे हात भाताच्या बाजूनं वर गेले.  मी मात्र समासात टिपणं लिहिलेला तो शोधनिबंध तिच्याकडून मागून घेतला आणि वर्गाच्या भिंतीवर लावला.