गोमूत्राचा तांब्या

माझी आत्या कौसल्या सुईण होती. जाफराबादजवळच्या आमच्या गावातली अर्धी पोरं तिच्याच हातात पहिल्यांदा रडली. पण सवर्णांच्या घरातून ती बाहेर पडली की तिच्या बसल्या जागी गोमूत्र शिंपडायचे. विटाळ आमचा, बाळंतपण मात्र आमच्याच हातून!

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. गावातल्याच जमावाने आमचं बुद्धविहार वंदना चालू असताना पेटवलं. माझा चुलता संपत, आत्याचा पाठचा भाऊ, आत भाजून मेला. रॉकेलचा डबा गावातल्या सवर्णांपैकी सर्जेरावच्या हातात आत्याने डोळ्यांनी पाहिला होता.

महिना उलटायच्या आत तोच सर्जेराव आमच्या दारात. "मावशी, जल्दी चल. बायको अडलीय."

"जाऊ नको," मी ओरडलो.

"त्या पोरीनं काय केलंय?" म्हणत आत्या निघाली. मीही मागोमाग गेलो.

मुलगा झाला. सर्जेरावची आई नेहमीसारखी गोमूत्राचा तांब्या घेऊन आली. आत्याने तो हिसकावला आणि लेकराला घ्यायला पुढे आलेल्या सर्जेरावच्या दोन्ही हातांवर उपडा केला.

"चोळ," ती म्हणाली. "रॉकेलचा वास अजून गेला न्हाई. गेला की मंग लेकराला हात लाव."