अलकाताईंच्या वाट्याचा गोठा

दिल्लीच्या मुनिरक्यात स्पर्धापरीक्षेसाठी आलेल्या मराठी पोरापोरींना अलकाताई एकोणीस वर्षं डबे पुरवतात. तेवढ्या काळात त्यांनी नऊ भाड्याच्या खोल्या बदलल्या, बहुतेक घरमालकांशी भांडूनच. भांडणाचं त्यांना वावडं नाही. वडील गेल्यावर धाकट्या भावाने, हणमंताने, हक्कसोडपत्र पुढे केलं, "सगळ्या बहिणी करतातच की सही," म्हणाला, तेव्हा तो कागद त्यांनी त्याच्याच खिशात परत कोंबला होता. पाच वर्षं गावच्या खेपा घालून वडिलांच्या घराला आपलं नाव लावून घेतलं. गावात तोवर कुठल्याच बहिणीने हे केलं नव्हतं.

आता तेच नाव आडवं आलं.

गाझियाबादच्या पुढे एक छोटा फ्लॅट बघितला होता. कमी मिळकतीच्या कुटुंबाला पहिल्या घरासाठी सरकार मदत देतं. ती मिळाली तरच सुरुवातीचे पैसे जमणार होते. पण शपथपत्र हवं होतं : नवराबायकोच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नाही.

"लिख दो ना आंटी, नहीं है," दलाल म्हणाला. "गाँव कौन देखने जाता है?"

"और पकड़ी गई, तो जेल में टिफिन तू लाएगा?"

नवरा गुलाबराव गुरुग्रामला कंपनीची गाडी चालवतात. ते म्हणाले, "अगं, सोडून टाक हक्क. तिथे काय राहायला जाणार आहेस?"

"नसेन जात. पण ते मी ठरवणार, हणमंत नाही."

हणमंताला कुणकुण लागलीच. फोनवर आवाजात नुसती साखर. "आक्का, सही कर. तिकडं तुझं घर होतंय, मला आनंदच आहे."

"तुझा आनंद ऐकू येतोय रे मला."

शेवटी डबा न्यायला आलेल्या देवयानीकडून त्यांनी शपथपत्र पुन्हा वाचून घेतलं. देवयानी म्हणाली, "काकू, पक्कं घर म्हटलंय. कच्च्याचं काही नाही यात."

अलकाताईंचं लाटणं थांबलं. दुसऱ्या दिवशी योजनेच्या कचेरीत खिडकीवर जाऊन त्यांनी बाबूला तीनदा विचारलं. "कच्चा चलेगा मैडम," तो वैतागून म्हणाला, "लेकिन काग़ज़ पे अलग दिखना चाहिए."

लगेच त्यांनी हणमंताला फोन लावला. "हक्क सोडत नाही. वाटणी कर. स्लॅबचं घर तुझं. मागचा गोठा माझा."

"गोठा? मातीच्या भिंती, वर पत्रा. काय करणार त्याचं?"

"ते तुला कशाला?"

सौदा त्याच्याच फायद्याचा होता. तो तयार झाला. तालुक्याला वाटणीपत्र झालं, त्या दिवशी अलकाताई जुन्या घरात पाच मिनिटंही थांबल्या नाहीत. त्या स्लॅबला पोरवयात त्यांनीच घागरीने पाणी मारलं होतं, पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ.

ग्रामसेवकाने गोठा मोजला. "एवढ्याला दिल्लीहून आलात बाई?"

"नाव पूर्ण लिहा," त्या म्हणाल्या. "वडिलांचंही."

चार महिन्यांनी मदत मंजूर झाली. त्याच आठवड्यात हणमंताचा फोन आला. नवी म्हैस घेतली होती, घराभोवती जागा नव्हती.

"आक्का, मागं बांधू का गं?"

"बांध," अलकाताई म्हणाल्या. "विचारलंस ते बरं केलंस. दर पावसाळ्याआधी पत्रा बघायचा, आणि भिंतीला हात लावायचा नाही. पक्की केलीस तर गाठ माझ्याशी आहे."