चार इंची पंखा

बोटीचं तोंड पुढे होतं, पंखा जोरात फिरत होता, मागे पांढरा फेस उठत होता आणि बोट मागे चालली होती.

यवतमाळच्या आमच्या टेक्निकल शाळेच्या मागे विटांचा एक लांब हौद आहे. त्यात आमची चार फुटी सागवानी बोट सोडली होती. बोटीला दोराने एक तराफा बांधला होता. तराफ्यावर विटा रचल्या होत्या आणि वर पोत्याचं आच्छादन होतं. दुपारचा वारा त्या पोत्यात भरला आणि तराफ्याने बोटीलाच मागे ओढत नेलं.

शेजारी उभे असलेले ओव्हरसियर वानखडे म्हणाले, "मास्तर, हे तं उलटी चालून राह्यली."

"दिसतंय," मी म्हणालो आणि वहीत लिहिलं: मोटर वेगवान, ओढ नाही.

वानखडे पैनगंगेच्या एका उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, महागावच्या बाजूला, टग बोट मागत होते. टग म्हणजे ओढणारी बोट. ती स्वतः माल भरत नाही. इंजिन घेऊन पुढे चालते आणि मालाचा किंवा माणसांचा तराफा मागून ओढते. त्या उतारावर दोराची नाव होती. नदी चढली की ती बंद. पलीकडच्या गावांतला माणूस आजारी पडला तर पाणी उतरेपर्यंत त्याने आजारीच राहायचं. वानखड्यांचा प्रस्ताव जिल्ह्याच्या बांधकाम समितीकडून दोनदा परत आला होता. तिसऱ्या वेळी अध्यक्ष म्हणाले, कागदावर आम्हाला कळत नाही, करून दाखवा. नाहीतर फाइल बंद.

मॉडेलने ओढलं म्हणून खरी बोट ओढेलच असं नसतं. हे मलाही ठाऊक होतं आणि वानखड्यांनाही. पण समितीला आकडेमोड नको होती, डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं. ते काम आमच्या शाळेकडे आलं आणि शाळेने माझ्याकडे दिलं, कारण वर्कशॉपचा इन्स्ट्रक्टर मी. हातात आठ दिवस होते.

मी आधी यादी केली. हातात तीन मोटारी होत्या. पहिली मुंबईहून मागवलेली खेळण्यातली. तिला बाद करायला एक मिनिट लागलं, शाफ्ट दोन बोटांत धरला की ती थांबायची. दुसरी एका मोडीत निघालेल्या जीपच्या वायपरची. तिच्यात ताकद होती, पण आतल्या गिअरमुळे ती मिनिटाला पन्नास-साठ फेरे घ्यायची. घरची रवी त्याहून जोरात फिरते. तिसरी नागपूरच्या बाजारातली डिस्पोजलची मोटर, म्हणजे लष्कराने विकून टाकलेल्या मालातली. चोवीस व्होल्टची होती. मोटारसायकलच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून मी तिला बारा व्होल्ट देत होतो. अर्ध्या वेगाने चालायची, पण निमूट चालायची. बॅटऱ्या जड होत्या, पण टगला वजन चालतं. ती पाण्यात खोल बसली की पंखाही खोल राहतो. म्हणून मोटर तिसरी, हे ठरलं.

बोटीच्या प्रोपेलरला आम्ही पंखाच म्हणायचो. उलटी गेली तेव्हा बोटीला दोन इंची पंखा होता, थेट मोटरच्या शाफ्टवर बसवलेला. एकटी बोट त्याच्यावर छान पळायची. प्रिन्सिपॉलसाहेब तर खूश झाले होते.

"हीच ठेवा," ते म्हणाले. "पाहुण्यांना वेग आवडतो."

"सर, पळायचं नाही हिला. ओढायचंय."

"पळते ती ओढणार नाही का?"

हा प्रश्न पुढे मला बऱ्याच शिकलेल्या लोकांनी विचारला आहे. लहान पंखा थोडंसं पाणी फार जोरात मागे फेकतो. मोठा पंखा पुष्कळ पाणी सावकाश मागे ढकलतो. ओढायला दुसरा बरा. मी पितळी पत्र्याचा चार इंची, तीन पात्यांचा पंखा कापला, झाळला आणि त्याच मोटरवर थेट बसवला. मोटर गुरगुरली, अर्ध्या मिनिटात तापली आणि इन्सुलेशनचा वास यायला लागला. मोठा पंखा सावकाश फिरवायचा तर मोटर आणि पंखा यांच्या मध्ये वेग कमी करणारं काहीतरी हवं होतं.

इथे मी चूक केली. शाळेत येण्याआधी मी दहा वर्षं जिनिंग फॅक्टरीत फिटर होतो. तिथे एका लांब शाफ्टवरून कापसातली सरकी काढणाऱ्या सगळ्या जिनांना चामडी पट्टे जातात. वेग कमी करायचा तर मोठी पुली लावायची आणि पट्टा घसरला तर त्यावर राळेची पूड टाकायची. दहा वर्षं हे केलेल्या माणसाला जगातला प्रत्येक प्रश्न पट्ट्याने सुटेल असं वाटतं. मी एक इंची आणि पाच इंची अशा दोन पुल्या लेथवर काढल्या आणि पट्टा चढवला. टेबलावर फार सुंदर चाललं. हौदात उतरवल्यावर पंख्याच्या शाफ्टवरून आत आलेलं पाणी पट्ट्यावर उडालं आणि पट्टा घसरला. मी राळ टाकली. ओली राळ पट्ट्याला धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. बोट उचकी लागल्यासारखी चालली.

वानखडे बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "मास्तर, नदीत राळ कोण टाकीन जी?"

दोन दिवस गेले होते. पट्टा काढला.

गिअर मिळाले ते टेलिफोनमध्ये. बाजूला हँडल असलेला, फिरवून घंटी वाजवायचा तो जुना टेलिफोन. त्याच्या आत एक मोठं पितळी चाक असतं आणि त्याला लागून एक लहान. हँडल एकदा फिरवलं की लहान चाक पाच फेरे घेतं. मी ती जोडी उलटी वापरली: लहान चाक मोटरला, मोठं पंख्याला. मोटरच्या पाच फेऱ्यांत पंख्याचा एक. असा एक फोन शाळेच्या भंगारात पडला होता. प्रिन्सिपॉलसाहेबांनी तो मोडायला परवानगी दिली, पण लेखी अर्ज घेऊन.

आता चार इंची पंखा सावकाश फिरायला लागला. वारा असतानाही बोट तराफा घेऊन पुढे गेली. वानखडे पहिल्यांदा खाली बसून चहा प्याले.

राहिला पात्यांचा तिरकेपणा. त्याला पिच म्हणतात. स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जेवढा आत शिरतो तेवढं त्याचं पिच. पंखाही पाण्यात शिरणारा स्क्रूच आहे. पाती जास्त तिरकी केली की एका फेऱ्यात तो जास्त पुढे जाऊ पाहतो आणि मोटरवर जास्त भार टाकतो. मी चार इंचीच दोन पंखे ठेवले. एक जास्त तिरका, एक कमी. मोजायला फिजिक्सच्या लॅबमधला स्प्रिंगचा काटा घेतला. काटा हौदाच्या कडीला अडकवला, बोट काट्याला बांधली आणि मोटर सुरू केली. बोट जागेवरच राहते आणि काटा ओढ दाखवतो. दोन इंची पंख्याची ओढ होती सहा औंस. कमी तिरका चार इंची: एक पौंड चौदा औंस. जास्त तिरका: दोन पौंड चार औंस.

मोटर किती तापते हेही पाहिलं. जिनिंगमधली रीत आहे: मोटरवर तळहात ठेवायचा आणि आकडे मोजायचे. वीसपर्यंत हात टिकला तर मोटर खुशाल आहे. पाचच्या आत काढावा लागला तर बंद करा. प्रत्येक मोजणीला मी मोटर दोन मिनिटं चालवली. कमी तिरक्या पंख्याला हात वीसपर्यंत टिकला, जास्त तिरक्याला नऊपर्यंत. दोन मिनिटांत नऊ. मी ते लिहिलं आणि शेजारी 'चालेल' असंही लिहिलं. समितीसमोर दोन पौंड चार औंस हा आकडा बरा दिसला असता. मी जास्त तिरका पंखा बसवला.

समिती आली त्या दिवशी वारा पडलेला होता. हौदाभोवती सात-आठ खुर्च्या. बोट तराफा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. टाळ्या पडल्या. अध्यक्ष वानखड्यांकडे पाहून हसले.

एक सभासद खुर्चीत बसलेच नव्हते. रामजी नाईक, महागावकडच्या एका बंजारा तांड्याचे प्रमुख. वय साठीच्या पुढे, डोक्यावर लाल पागोटं. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले होते. स्वतः नाईक शेती करत. ज्या उताराबद्दल हे सगळं चाललं होतं, तो त्यांच्या रोजच्या वाटेवरचा होता.

"हे टाकं हाय," ते म्हणाले. "नदी कोठी हाय याच्यात?"

मी काटा दाखवला. ओढ कशी मोजली ते सांगितलं.

"काटा तुमचा, मास्तर. हात माहा." त्यांनी तराफ्याच्या मागच्या बाजूला दोर बांधायला लावला आणि दुसरं टोक हातात घेतलं. "नदी मी. आता सुरू करा. मी सोडत नाही तोवर बंद नाही करायचं."

"किती वेळ?" मी विचारलं.

"एक बिडी होईस्तोवर." मग समजावून सांगितलं, "आमच्याइकडे नवा बैल घेतला का पाठीवर गोणी लादून उभा ठेवत. एक बिडी. जो बैल उभ्या उभ्या पाय बदलते, तो घाटात बसते. चालवून पाहणं मंग. चालते तं सगळेच."

एक बिडी म्हणजे सात-आठ मिनिटं. दोन मिनिटांत नऊ आकड्यांवर आलेली मोटर आठ मिनिटांत कुठे असेल, हे सांगायला वही उघडायची गरज नव्हती. समितीसमोर धूर निघाला असता.

मी म्हणालो, "नाईक, पंखा बदलावा लागेल. वीस मिनिटं द्या."

प्रिन्सिपॉलसाहेब माझ्या कानाशी आले. "आत्ता? सगळं नीट झालं असताना?"

वानखड्यांचा चेहरा उतरला होता. नाईकांनी दोर खाली ठेवला नाही. "काहून बदलता? हा ओढत नाही का?"

"हा जास्त ओढतो, पण फार वेळ नाही. दुसरा थोडा कमी ओढतो, पण ओढत राहतो."

"मंग पह्यले हा काहून लावला?"

"आकडा मोठा दिसतो म्हणून."

एक सभासद हसले. नाईक हसले नाहीत. "बदला," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, पण चहा आलेला होता, म्हणून ते थांबले.

पंखा एका स्क्रूवर असतो; तो काढला, दुसरा बसवला. बोट पाण्यात सोडली. नाईकांनी डाव्या हाताला दोराचा एक वेढा घेतला, उजव्या हाताने बिडी पेटवली आणि मान हलवली. मी मोटर सुरू केली.

दोर ताठ झाला. बोट, तराफा आणि नाईक, तिघंही जागच्या जागी. फक्त बोटीमागे पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. नाईक थोडं सोडत, बोट वीतभर पुढे जाई. पुन्हा ओढत, ती थांबे.  मधेच बिडी विझली.

वानखडे हळूच म्हणाले, "नाईक, विझली ना जी."

"दिसते मले," म्हणत त्यांनी ती दातांत धरली आणि दुसऱ्या सभासदाकडून काडी पेटवून घेतली. तेवढा वेळ वाढला. मी वाकून मोटरवर हात ठेवला. सोळा. आणखी थोड्या वेळाने पुन्हा ठेवला. बारा. बिडी बोटांना लागेपर्यंत आली तेव्हा अकरा. आकडा त्याच्या खाली गेला नाही.

नाईकांनी बिडी टाकली, दोर सोडला. तराफा सावकाश पलीकडच्या भिंतीला जाऊन लागला.

"फारच हळू आहे," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, नदीच्या मधात हळू चालणाऱ्यावर बसतो मी," नाईक म्हणाले. "पळणारी तुमी घ्या." मग माझ्याकडे वळले. "पण पाती चार पाह्यजेत. तीन म्हणजे काय? बैलाले पाय किती असते?"

तीन पुरतात, हे मी त्यांना पटवू शकलो नाही. ते काम यादीत नव्हतंच.

प्रस्ताव त्या दिवशी मंजूर झाला. खरी बोट यायला पुढे दोन पावसाळे गेले. पुरवठादाराच्या पत्रात पंख्याचे दोन पर्याय होते आणि जास्त वेगाचा पर्याय ठळक अक्षरात छापलेला होता. वानखड्यांनी ते पत्र मला पाठवलं. मी सावकाश फिरणाऱ्या मोठ्या पंख्यावर खूण करून परत केलं. बोट आता त्या उतारावर चालते. फार मोठ्या पुरात तीही बंद ठेवतात, पण एरवी नदी चढली म्हणून पलीकडचा माणूस अडकत नाही.

मी माझ्या चाचणीच्या तक्त्यात एक बदल केला. आधी त्यात 'किती ओढ' एवढाच रकाना असे. आता त्याच्या शेजारी 'किती वेळ' असा दुसरा आहे आणि तो भरल्याशिवाय मी पहिला वाचत नाही.