आंब्याच्या फळ्यांचं दार

डोंबिवलीला खाडीच्या अंगाला तळमजल्यावर आमचं घर होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगते. पावसाळा लागला की त्या घराशी हाणामारीच सुरू व्हायची. बरणीतल्या मिठाचा दगड व्हायचा, तो बत्त्याने फोडायचा. गाद्या काठीने बडवायच्या. कपाटातल्या पट्ट्यावर, चपलांवर हिरवी बुरशी चढायची, ती खरवडून खरवडून नखं तुटायची. आमचे हे म्हणायचे, "आषाढात तुझ्यासमोर यायची भीती वाटते."

पण सगळ्यात द्वाड होतं अडगळीच्या खोलीचं दार. स्वयंपाकघराच्या मागे ती खोली, खिडकी नाही. आत तांदळाची गोणी, गोधड्या, सासूबाईंची ट्रंक. कुबट वास तर असा की डोकं चढावं. आत पाय ठेवायला जागा नाही म्हणून दार बाहेर, स्वयंपाकघरातच उघडायचं. सासऱ्यांनी स्वस्तात आंब्याच्या फळ्यांचं करून घेतलेलं. पावसात ते असं फुगायचं की एकदा चौकटीत गेलं की पहारीशिवाय निघायचं नाही. म्हणून घरात नियमच होता, पावसाळाभर ते नुसतं टेकवायचं, लावायचं नाही.

माझी धाकटी नणंद शहाडला दिलेली. नवरा कंपनीत, दिसायला नीटस, बोलायला साखर. आणि हात? हात कसायाचा. नणंदेचे केस दाट, कुरळे, लांबसडक. दमट हवेत तर असे फुलायचे की रबर तुटायचा. तो तिची वेणी मनगटाला गुंडाळायचा आणि मग मारायचा. कधी डोळा सुजवून यायची, कधी बोट मोडून. सासूबाई तिला गरम भात वाढायच्या, हळद लावायच्या आणि चार दिवसांनी स्वतः शहाडला पोचवून यायच्या.

"रागीट आहे, पण वाईट नाही गो," म्हणायच्या. "पोर झालं की निवळेल. माहेर चार दिवसांचं असतं."

मी एकदा बोलले, "आई, ती मरेल तिकडे." तर मला म्हणाल्या, "सूनबाई, तू पोळ्या बघ."

मग तो श्रावण आला. भर दुपारी नणंद दारात उभी, अनवाणी, चिंब भिजलेली, ओठ फाटलेला. सासूबाईंनी तिला स्वयंपाकघरात बसवलं. शेगडी पेटवून वर वेताची टोपली पालथी घातली आणि तिचे केस वर पसरून धुरी देत बसल्या. पावसाळ्यात लहानपणापासून त्या तिचे केस असेच वाळवायच्या. केस अर्धे सुकले असतील नसतील, तोच पाठोपाठ तिचा नवरा आला.

आणि सासूबाई काय म्हणाल्या असतील? "या जावईबुवा. बसा, चहा टाकते. दोघं जेवूनच जा."

"चहा राहू दे," तो म्हणाला. "हिला नेतो."

केस मोकळेच होते. त्याने ते मनगटाला गुंडाळले आणि ओढलं. टोपली उडाली, शेगडी कलंडली, निखारे फरशीभर झाले. तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो, नारळ फोडल्यासारखा. मी पोळी लाटत होते. हातातलं लाटणं मी त्याच्या मनगटावर घातलं, पूर्ण ताकदीने. मूठ सुटली. नणंदेला मी ढकललं ते थेट त्या कुबट खोलीत, आणि दारावर कंबर आपटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दार कचकन चौकटीत गेलं.

त्याने माझ्या कानाखाली अशी काढली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

"दार उघड!"

"ते मलाच उघडत नाही," मी म्हटलं. खरंच होतं की ते.

त्याने कडी धरून हिसका दिला. खाडीची हवा खाऊन स्क्रू कधीच गंजलेले, कडी हातात आली आणि हा धाडकन पाठीवर, निखाऱ्यांत. शर्ट जळल्याचा वास सुटला. ओरडत उठला आणि दारावर लाथा घालायला लागला. माणूस रागाने आंधळा होतो बघा. ओढायचं दार तो ढकलत होता. एकेका लाथेने दार आणखी आत रुतत होतं. मी मनात म्हणत होते, मार बाबा, अजून एक मार.

आतून बारीक आवाज आला, "वहिनी, तुला लागलं का गं?"

तेवढ्यात माझी नजर सासूबाईंकडे गेली. त्या जमिनीवर बसलेल्या. त्याच्या मुठीतून पडलेला केसांचा पुंजका त्यांनी तळहातावर घेतला होता. मुळाला कातडी होती, रक्त होतं. त्या उठल्या. कपडे वाळत घालायची वेळूची काठी कोपऱ्यात असायची, ती घेतली. अधिक महिन्यात ज्याला ताटभर अनारसे देऊन ओवाळलं, त्या जावयाला त्यांनी झोडपायला सुरुवात केली. खांद्यावर, हातावर, तोंडावर. शिवी एक नाही. नुसतं, "माझ्या पोरीचे केस! माझ्या पोरीचे केस!" त्याने त्यांना भिंतीवर ढकललं, त्यांचं कोपर फुटलं, तरी काठी सुटली नाही. शेजारपाजारचे धावत आले तेव्हा भुवईतून रक्त गाळत तो पळाला.

आमचे हे कामावरून आल्यावर पहारीने दार काढलं. नणंद बाहेर आली ती डोक्यावर जाळी आणि बुरशी घेऊन, म्हातारीसारखी पांढरी.

"आत किती वास मारतो गं, वहिनी," म्हणाली, आणि रडायला लागली.

ती राहिली. पण मला सासूबाईंची खात्री वाटेना. राग उतरल्यावर माणसाला रीत आठवते.

दिवाळी झाली, हवा कोरडी पडली. दार सुकलं, फळ्यांत फटी पडल्या, वाऱ्यानेही हलायला लागलं. आणि एका सकाळी तो आला, आपल्या काकांना आणि सफरचंदांच्या पिशवीला घेऊन. नणंद पटकन त्या खोलीत शिरली. मी दार ढकलून लावलं, पण ते काय राहतंय! परत हातभर उघडलं.

काका म्हणाले, "झालं गेलं विसरा, विहीणबाई. पाठवा सुनेला."

सासूबाई उठल्या. चहा ठेवला. कप भरले. दर वेळी हे असंच सुरू व्हायचं, चहाने. मग त्यांनी पाट उचलला, अडगळीच्या खोलीशी नेऊन मांडला आणि दाराला पाठ लावून बसल्या. दार मिटलं.

"पावसात हे दार तुम्हाला उघडलं नाही," त्या जावयाला म्हणाल्या. "आता सुकलंय, म्हणून मी बसलेय. मी काही सुकत नाही. चहा घ्या आणि निघा."

"लोक काय म्हणतील?" काका म्हणाले.

"येऊन म्हणू देत. इथेच आहे मी."

चहा तसाच राहिला. दोघं उठले, तेव्हा सासूबाईंनी पिशवीकडे बोट दाखवलं.

"ती सफरचंदंही न्या. खाडीची हवा आहे, आमच्याकडे सडतात."